चोवीस तासांची रंगीत तालीम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि एक अटही घातली आहे. आपल्या कामाविषयी बोल, पण मराठीच्या बाईंना रुचेल आणि आठवीतल्या मुलाला कळेल असे बोल. माझा विषय ऐकल्यावर ही अट किती कठीण आहे ते तुमच्या लक्षात येईल. माझी नोकरीची वर्षे विजेच्या वाटपाचे हिशेब करण्यात गेली. कोणत्या केंद्राने कोणत्या तासाला किती वीज निर्माण करावी, ती कोणत्या वाहिनीने जाईल, वाटेत किती वाया जाईल आणि एखादी वाहिनी तुटली तर काय होईल, हे संगणकावर आधीच करून पाहायचे. या शास्त्राला ऑप्टिमल पॉवर फ्लो म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत इष्टतम वीजप्रवाह. मी घरी सांगताना त्याला ‘रंगीत तालीम’ म्हणतो. आपल्या रत्नागिरीत नाटकाची तालीम म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उद्याचा प्रयोग आज रिकाम्या थिएटरात करून पाहायचा, म्हणजे उद्या पडदा अडकला तरी काय करायचे ते ठाऊक असते.

हा विषय मी आणखी एका कारणाने निवडला. आपला जिल्हा वीज नुसती वापरत नाही, तो ती राज्याला पुरवतो. कोयनेची पोफळी आणि अलोरे येथील वीजगृहे चिपळूण तालुक्यात आहेत. दाभोळचा वायूवर चालणारा प्रकल्प गुहागर तालुक्यात, जयगडचा कोळशाचा प्रकल्प आपल्या रत्नागिरी तालुक्यात. पाणी, वायू आणि कोळसा, तिन्ही प्रकार एकाच जिल्ह्यात. तेव्हा वीज वाटपाचा हिशेब कसा होतो हे इतर कुणाहीपेक्षा आपल्याला ठाऊक असायला हवे.

आधी मूळ अडचण सांगतो. वीज ही पंगतीसारखी आहे, पण फार विचित्र पंगत. या पंगतीत स्वयंपाक आणि जेवण एकाच क्षणी होते. पानात भात पडेल तेवढाच त्या क्षणी शिजला पाहिजे. जास्त शिजला तर ठेवायला भांडे नाही, कमी शिजला तर सगळी पंगत बिघडते. आपल्या देशात विजेची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तने ठरलेली आहे. मागणी वाढली आणि निर्मिती मागे पडली की हा आकडा ५० च्या खाली घसरतो, उलट झाले की वर चढतो. भार प्रेषण केंद्रातल्या माणसाचे डोळे दिवसरात्र या एका आकड्यावर असतात. महाराष्ट्राचे हे केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे.

आता मागणीकडे पाहू. पहाटे तीनला राज्य झोपलेले असते. पाचनंतर पाण्याचे पंप, गिझर, लोकलगाड्या, दुधाची केंद्रे जागी होतात. दहा-अकरापर्यंत कारखाने आणि कचेऱ्या भरतात. राज्याच्या कोरडवाहू भागात दिवसा शेतीपंप चालतात. संध्याकाळी सातला घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू होतात आणि नेमका त्याच वेळी सूर्य मावळून सौर वीज शून्यावर आलेली असते. अलीकडच्या उन्हाळ्यांत एकट्या महावितरणची मागणी २५ हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. पण ते एका क्षणाचे शिखर आहे. दिवसाचे चोवीस आकडे एका कागदावर मांडले तर सह्याद्रीच्या रांगेसारखी चढउताराची रेघ उमटते. आमचे सगळे काम त्या रेघेवर चालते.

साधा माणूस म्हणेल, यात काय मोठेसे? स्वस्त केंद्र आधी चालवा, महाग केंद्र नंतर. बरोबर आहे. यालाच मेरिट ऑर्डर म्हणतात. प्रत्येक केंद्राचा इंधनाचा खर्च दर युनिटला किती, त्या क्रमाने यादी करायची आणि मागणी भागेपर्यंत वरून खाली उतरत जायचे. वीज जर सरबतासारखी एकाच पातेल्यात ओतता आली असती तर एवढ्यावर भागले असते.

पण वीज तारांतून जाते, आणि तारांना स्वतःचे नियम आहेत. हातखंब्याच्या तिठ्यावर पोलीस उभा करून गाडी पालीकडे वळवता येते. वीज तशी वळवता येत नाही. दोन ठिकाणांमध्ये चार वाटा असतील तर वीज चारही वाटांनी जाते, ज्या वाटेचा विरोध कमी तिकडून जास्त. किर्कहॉफचे नियम तुम्ही शिकलात, तेच. जयगडहून निघणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या सह्याद्री ओलांडून नवीन कोयना आणि कराडच्या उपकेंद्रांकडे जातात. तिथून पुढे ती वीज पुण्याला किती गेली आणि कोल्हापूरला किती, हे जयगडचा अभियंता ठरवत नाही, राज्यातल्या सगळ्या तारा मिळून ठरवतात. शिवाय प्रत्येक वाहिनीची एक मर्यादा असते. त्याहून जास्त प्रवाह गेला की तार तापते, लांबते, खाली लोंबते. आणि वाटेतला अपव्यय प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की वाया जाणारी वीज चौपट. म्हणून तेच युनिट पहाटे तीनला पोहोचवणे आणि संध्याकाळी सातला पोहोचवणे हे सारखे काम नाही.

निर्मितीचा खर्च आणि तारांचे नियम हे दोन्ही एकाच गणितात बसवण्याची रीत जाक कार्पांतिए या फ्रेंच अभियंत्याने १९६२ साली मांडली. योगायोग पाहा, त्याच १९६२ साली पोफळीला कोयनेचा पहिला संच सुरू झाला. गणित तिकडे मांडले जात होते आणि ते ज्याला लागू करायचे तो प्रवाह इकडे आपल्या डोंगराच्या पोटात सुरू होत होता.

मुलांसाठी एक छोटे उदाहरण फळ्यावर करू. आकडे माझे आहेत, सोपे पडावेत म्हणून घेतलेले. एक शहर आहे. घाटापलीकडे कोळशाचे मोठे केंद्र, तिथे युनिट ३ रुपयांना. शहराजवळ वायूचे केंद्र, तिथे युनिट ८ रुपयांना. घाटावरून शहराकडे येणारी वाहिनी ३०० मेगावॉटच पेलते. पहाटे तीनला शहराला २५० मेगावॉट लागतात. सगळी वीज घाटावरून येते, वायूचे केंद्र बंद. संध्याकाळी सातला ५०० लागतात. घाटावरून ३०० च येऊ शकतात, उरलेले २०० वायूतून, महाग दराने. घाटावरचे केंद्र आणखी द्यायला तयार आहे, पण वाट भरली.

आता प्रश्न असा. ही वाहिनी १०० मेगावॉटने वाढवली तर काय फायदा? संध्याकाळच्या एका तासात १०० मेगावॉट म्हणजे १ लाख युनिटे, प्रत्येकामागे ५ रुपये वाचले, म्हणजे तासाला ५ लाख रुपये. आणि पहाटे तीनला? शून्य. तीच तार, तेच खांब, पण एका तासाला ५ लाखांचे, दुसऱ्या तासाला कवडीमोल. म्हणून नुसती वर्षाची सरासरी काढून वाहिनी बांधायची की नाही ते ठरवता येत नाही. तासातासाचा हिशेब करावा लागतो. हेच माझ्या कामाचे सार आहे. युनिटाला वेळ असते आणि युनिटाला ठिकाण असते.

इथपर्यंत प्रत्येक तास स्वतंत्र होता. चोवीस वेगळी गणिते केली की झाले. पण खरी गंमत पुढे आहे, कारण तास एकमेकांना बांधलेले असतात. त्यांना बांधणारी पहिली दोरी म्हणजे पाणी.

आपल्या त्याच उदाहरणात एक छोटे धरण घाला. त्यात आज ४ लाख युनिटे निघतील एवढेच पाणी आहे. पाणी फुकट, म्हणून मेरिट ऑर्डरच्या यादीत ते सर्वांत वर. यादीप्रमाणे वागणारा माणूस मध्यरात्रीच ते सोडून मोकळा होईल. त्याने ३ रुपयांची ४ लाख युनिटे वाचवली, १२ लाख रुपये. जो थांबला आणि संध्याकाळी सात ते नऊ ताशी २०० मेगावॉटने तेच पाणी वापरले, त्याने ८ रुपयांची युनिटे वाचवली, ३२ लाख रुपये. पाणी तेवढेच, फरक २० लाखांचा, फक्त घड्याळामुळे. म्हणजे पाणी फुकट नव्हतेच. त्याची किंमत संध्याकाळच्या सर्वांत महाग युनिटाएवढी होती, ती फक्त बिलात लिहिलेली नव्हती.

आता खऱ्या कोयनेकडे या. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. पण कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. उरलेले पाणी पूर्वेकडच्या शेतीचे. ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. पोफळीच्या बाजूला पाणी साधारण पावणेपाचशे मीटर कोसळते. यंत्रातले नुकसान धरले तर एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, सुमारे १.१५ युनिट मिळते. तेच पाणी कोळकेवाडी धरणात थांबून पुन्हा शंभर-सव्वाशे मीटर खाली उतरते, त्यातून आणखी पाव युनिट. मिळून १.४ धरा. गुणाकार केला तर वर्षाला सुमारे २६७ कोटी युनिटे. त्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी भागा. सरासरी येते जेमतेम ३०५ मेगावॉट.

पायथ्याच्या छोट्या वीजगृहाचे ४० मेगावॉट सोडले तर पश्चिमेकडे १,९२० मेगावॉटची यंत्रे आहेत, आणि पाणी सरासरी ३०५ चे. हिशेब केला तर पूर्ण ताकदीने दिवसाला पावणेचार तासांच्या थोडे वर चालवता येईल एवढेच. बाहेरचा माणूस म्हणेल, मग एवढी यंत्रे लावली कशाला? त्याच पावणेचार तासांसाठी लावली. म्हातारी आजी जशी वर्षभराचे तांदूळ मापाने काढते आणि गौरी-गणपतीसाठी चांगला तांदूळ बाजूला राखते, तशी ही राखण आहे. कोयनेचे पाणीवर्ष १ जूनला सुरू होते. मे महिन्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रात दिवे नीट लागायचे असतील तर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये प्रत्येक तासाला हात आखडावा लागतो. एक दिवसाची तालीम पुरत नाही. तिच्या पाठीशी वर्षाची तालीम असावी लागते.

तासांना बांधणारी दुसरी दोरी म्हणजे यंत्राचा स्वभाव. पाण्याचा संच काही मिनिटांत पूर्ण ताकद देतो. कोळशाचा संच थंड पडला की पुन्हा तापायला कित्येक तास घेतो, म्हणून दुपारी नको असला तरी संध्याकाळसाठी तो धुगधुगत ठेवावा लागतो. केंद्रीय आयोगाच्या नियमाप्रमाणे आंतरराज्य औष्णिक केंद्रांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. त्याखाली बहुतेक जुनी केंद्रे कुरकुरतात. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा ही ५५ टक्के वीजसुद्धा जड वाटते. पण ती ठेवली नाही तर सातला अंधार.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याचा इतिहास मोठा बोलका आहे. दाभोळचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, तोही नाफ्थ्यावर. त्या कराराबद्दल राजकीय भाषणे आपण पुष्कळ ऐकली. मी फक्त हिशेबाचे बोलतो. विजेच्या दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार, केंद्र तयार ठेवल्याबद्दल. दुसरा इंधनाचा, जेवढी वीज घेतली तेवढ्याचा. रोजच्या तालमीत फक्त दुसरा भाग धरतात, कारण पहिला तर द्यायचाच असतो. दाभोळचे इंधन महाग म्हणून यादीत ते खाली, त्याची वीज कमी घेतली जाई. कमी घेतली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर पसरे आणि प्रत्येक युनिट आणखी महाग दिसे. रोजचा निर्णय हिशेबाने बरोबर, आणि वर्षअखेरचे बिल मात्र डोळे पांढरे करणारे. कारण मूळ चूक रोजच्या वाटपात नव्हतीच, ती कित्येक वर्षे आधी करार करताना मागणीची रेघ कशी असेल या अंदाजात होती. पुढे जानेवारी २००१ मध्ये वेगळाच वाद झाला. थंड स्थितीतून पूर्ण भार उचलायला करारात जेवढा वेळ ठरला होता तेवढ्यात केंद्राने तो उचलला नाही, असे म्हणत वीज मंडळाने मोठा दंड आकारला. कंपनीने तो मान्य केला नाही. कोण खरे ते बाजूला ठेवा. एवढा मोठा वाद पेटायला ‘किती तासांत किती मेगावॉट’ हा प्रश्न पुरला, हे लक्षात घ्या. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी राहिली.

आता तालीम प्रत्यक्षात कशी करतात ते थोडक्यात सांगतो. संगणकात राज्याचे जाळे उभे करायचे. प्रत्येक उपकेंद्र एक बिंदू, प्रत्येक वाहिनी एक रेघ, तिची मर्यादा, तिचा विरोध. मग प्रत्येक बिंदूची मागणी तासातासाला बदलत न्यायची आणि प्रत्येक तासाला सर्वांत कमी खर्चाचे, पण एकही अट न मोडणारे वाटप शोधायचे. देशात वीज विक्रीखरेदीचा हिशेब आता १५ मिनिटांच्या तुकड्यांनी होतो, म्हणजे दिवसाचे ९६ तुकडे. एप्रिल २०१९ पासून आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी असे वाटप देशपातळीवर संगणकाने काढले जाऊ लागले आहे.

यात नवशिक्यांना हमखास चकवणारी एक जागा आहे. सोपे पडते म्हणून राज्याच्या मागणीची एकच रेघ घेतात आणि प्रत्येक गावाची मागणी त्याच प्रमाणात वरखाली करतात. राज्यात सातला मागणी दीडपट होते ना, मग रत्नागिरीची दीडपट, लातूरचीही दीडपट. गणित सुटते, उत्तर गोंडस दिसते, आणि खोटे असते. लातूरकडे शेतीपंपांचे वेळापत्रक मागणी ठरवते. आपल्याकडे शेतीपंप थोडे. आपली रेघ बर्फाचे कारखाने, मासळी प्रक्रिया, मे महिन्यातले पर्यटक आणि आंबा कॅनिंग ठरवतात. आणि गणपतीत तर बोलायलाच नको. वर्षभर कुलूपबंद असलेली घरे चाकरमान्यांनी एका रात्रीत उजळतात. त्या आठवड्यात मुंबईच्या चाळीतला दिवा मालवतो आणि संगमेश्वरच्या वाडीतला लागतो. राज्याची बेरीज फारशी हलत नाही, पण तारांवरचा भार जागा बदलतो. बेरीज बरोबर आणि वाटणी चूक, असे झाले की नेमकी आपल्याकडची लाइन आधी कोलमडते.

दुसरी गोष्ट. लोकांना वाटते, रात्री मागणी कमी म्हणजे आम्ही निवांत. लांबलचक वाहिनीवर भार कमी झाला की तिच्या दूरच्या टोकाचा दाब वाढतो. पावसाळ्याच्या रात्री, राज्यभरचे शेतीपंप बंद असताना, दाब खाली आणण्यासाठीच धडपड करावी लागते. आणि तिसरी, खास किनाऱ्याची. खारे वारे इन्सुलेटरवर मिठाचा थर देतात. हवेत दमटपणा आला की त्या थरावरून ठिणगी उडते आणि वाहिनी बंद पडते. म्हणून तालमीत प्रत्येक तासाला एकेक वाहिनी मुद्दाम तोडून पाहायची असते. एक तुटली तरी उरलेल्या तगल्या पाहिजेत, असा नियम आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे जे केले ते पाहिलेल्या माणसाला हा नियम का, ते सांगायला नको.

तालीम किती कामाची असते याचे सर्वांत मोठे उदाहरण तुम्ही सर्वांनी स्वतः अनुभवले आहे. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. टाळेबंदीत मागणी आधीच खाली होती. दिवे बंद झाल्याने देशाची मागणी साधारण १२ ते १३ हजार मेगावॉटने घटेल असा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात घट झाली सुमारे ३१ हजार मेगावॉटची. एवढा फरक पडूनही देशात कुठे जाळे कोसळले नाही. वारंवारिता ४९.७ ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. कारण तयारी अंदाजापुरती केलेली नव्हती. देशभरातली जलविद्युत केंद्रे आधी मुद्दाम वर नेऊन ठेवली होती, ती काही मिनिटांत १७ हजार मेगावॉटहून जास्त खाली आणली आणि लगेच पुन्हा वर नेली. अंदाज चुकला, तालीम चुकली नाही. तुम्ही गॅलरीत पणत्या पाहत होतात तेव्हा देशभरच्या नियंत्रण कक्षांत माणसे श्वास रोखून एक आकडा पाहत होती.

आता ज्या मुद्द्यासाठी मी आज इथे उभा आहे, त्याकडे येतो. संगणक सर्वांत किफायतशीर उत्तर देतो, पण आपण सांगितलेल्या अटी पाळून. जी अट आपण लिहिली नाही ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. वाहिनीची मर्यादा लिहिली जाते, कारण ती मोडली तर तार जळते. पण कोयनेचे पाणी वीज करून झाल्यावर कुठे जाते? ते वाशिष्ठीत येते. वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेजवळून वाहते, तिला खाडीतून भरती येते, आणि भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या लोकांनी विचारले, एवढा पाऊस कोसळत असताना वीजनिर्मितीचे पाणीही नदीत का? त्या पुराला किती कारणे होती आणि कोणते किती मोठे, हा जाणकारांच्या अभ्यासाचा विषय आहे. आज इथे निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण तो प्रश्न माझ्या विषयाच्या भाषेत मला नेमका मांडता येतो. भरतीची वेळ आणि नदीची पातळी या गोष्टी तासातासाला बदलणाऱ्या अटी म्हणून गणितात लिहिता येतात. त्या लिहायला एक ओळ पुरते. त्यामुळे वर्षात काही तास वीज थोडी महाग पडेल. किती महाग, तेही संगणक नेमके सांगेल. मग समाजाने ठरवावे की ती किंमत द्यायची की नाही. निदान ती किंमत कागदावर आलेली असेल.

म्हणून ‘संगणकाने सांगितले’ हे वाक्य कुणी तोंडावर फेकले तर घाबरू नका. एवढेच विचारा, अटींच्या यादीत काय काय होते? हा प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. वीज पुरवणाऱ्या जिल्ह्याचा नागरिक असणे पुरेसे आहे.

घड्याळाचा हा हिशेब आता तुमच्या घरच्या बिलापर्यंतही येत आहे. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत २०२३ साली केलेल्या दुरुस्तीनुसार शेती सोडून सर्व ग्राहकांना वेळेनुसार बदलणारा दर लावण्याची दिशा ठरली आहे. सूर्य वर असताना स्वस्त, संध्याकाळी महाग. काहींना हा सरळ भुर्दंड वाटतो. माझे मत असे की दर वेळेनुसार असणे हे हिशेबाला धरून आहे, कारण खर्चच वेळेनुसार आहे. पण इस्त्री दुपारी करायला दुपारी घरात कुणीतरी असावे लागते. दिवसभर काजू कारखान्यात किंवा मासळीच्या धक्क्यावर राबणाऱ्या बाईला तिचा संध्याकाळचा तास हलवता येत नाही. तेव्हा हीसुद्धा एक न लिहिलेली अट आहे, आणि ती लिहून घेण्याचे काम आपले.

शेवटी शाळेतल्या मुलांना एक काम देतो, आणि विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती करतो. येत्या महिन्यात एक रविवार आणि एक कामाचा दिवस निवडा. घरच्या मीटरचा आकडा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला वहीत लिहा. रात्रीचे आकडे झोपेसाठी सोडून द्या, सकाळच्या आकड्यावरून बेरीज कळेल. मग आलेख काढा. शिरगावच्या मुलाची रेघ आणि मिरकरवाड्याच्या मुलीची रेघ शेजारी ठेवा. दोन्ही सारख्या निघणार नाहीत. त्या का सारख्या नाहीत याचे उत्तर शोधताना तुम्ही माझ्या विषयाच्या दारात पोहोचलेले असाल. आत यायला फक्त बैजिक समीकरणे आणि चिकाटी लागते, आणि या दोन्ही गोष्टी याच इमारतीत फुकट मिळतात. त्यांची खरी किंमत पुढे कळते, पाण्यासारखीच.

तुमचे आलेख शाळेच्या फलकावर लावा. पुढच्या मेळाव्याला मी ते पाहायला येईन.